‘आपण’ म्हणाले की ‘आम्ही’

पोत्रेरो पोरा, इताउग्वाजवळ, पाराग्वे
२१ फेब्रुवारी १९९४

लिब्रादा,

सगळ्यांच्या आधी कोण उगवलं असेल तर रुफिना. बोलावणं नाही, यादीत नाव नाही, आणि सकाळी सहाला केस ओले चोपून, प्रार्थनेला घालायचा निळा झगा घालून माझ्या अंगणात स्वतःची खुर्ची टाकून बसलेली. मी म्हटलं, अगं बाई, पाहुणे नऊला यायचेत. तर म्हणते, म्हणूनच आता आले, नंतरच्या गर्दीत तुझा थाट बघायला मिळाला नसता. गावात कुणाची गाय व्यायली तर ती गायीला कळायच्या आत रुफिनाला कळतं, हे तुला मी सांगायला नको.

आता कुठले पाहुणे म्हणशील. तैवानचे व्यापारी, आठ जण. आपल्या देशात कशात पैसा घालावा हे बघत महिनाभर फिरताहेत. कापूस बघितला, सोयाबीन बघितलं, चपलांचा कारखाना बघितला, आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की इताउग्वाच्या बायका कोळ्याच्या जाळ्यासारखं विणतात. मंत्रालयातला बोगादो म्हणून एक पोरगेला साहेब आहे, त्याने आधी येऊन मला कागदावर लिहून दिलं, ‘परदेशी व्यापारी शिष्टमंडळ’. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा त्याला म्हटलं, बाबा, मी पाहुणे म्हणते, माझी शाळा तिसरीपर्यंतच झाली. हसला. गुणी आहे, पण या उन्हात गळ्याला टाय. मला आपल्या बांधलेल्या वासराची आठवण होत होती.

आणि रस्ता गं. आपण चौदा वर्षं अर्ज करतोय ना, तो दोन दिवसांत सपाट. यंत्र आलं, माती ओतली, गेलं. माझी काळी कोंबडी त्या सपाट रस्त्यावर मधोमध जाऊन बसली, तिलाही पटेना.

पाहुणे उतरले ते घामाघूम. मी तेरेरे तयार ठेवला होता, बर्फ घालून, पुदिना ठेचून. त्यांचे मुख्य कुओ साहेब, साठीचे, बुटके, फार सभ्य. पहिला प्याला त्यांना दिला. नळीने घोट घेतला, प्याला परत दिला आणि वाकून म्हणाले, आभारी आहे. झालं. आता आभार मानले म्हणजे पुरे झालं, नको आता. मी पुढच्याला दिला. प्याला फिरून आला की त्यांना वगळून पुढे. बिचारे प्रत्येक फेरीला हात जरासा उचलायचे आणि खाली ठेवायचे. चौथ्या फेरीला त्यांच्या दुभाषी मुलीच्या लक्षात आलं. शू-फेन तिचं नाव, सीमेवरच्या बाजारात तिच्या बापाचं रेडिओचं दुकान आहे, तिथेच वाढली, स्पॅनिश आपल्यापेक्षा चांगलं बोलते. ग्वारानी मात्र येत नाही. म्हणजे आपण बोलायचं ग्वारानीत, बोगादोने ते स्पॅनिशमध्ये सांगायचं आणि शू-फेनने त्यांच्या भाषेत. एक वाक्य दोन ओढे ओलांडून जायचं. तर ती पोट धरून हसली आणि तिने त्यांना समजावलं. मग साहेब पाच प्याले प्यायले आणि शब्द काढला नाही तोंडातून.

चाळीस बायका आंब्याखाली चौकटी लावून बसल्या होत्या. कुओ साहेब हात पाठीशी बांधून एकेकीजवळ थांबायचे. पेरूचं फूल, वारूळ, विंचू, सगळ्या नक्ष्या बघितल्या. मग दोरीवर टांगलेल्या मोठ्या कापडापाशी आले आणि तिथेच खिळले. इतका वेळ उभे राहिले की बोगादो घड्याळ बघायला लागला. शेवटी खिशातून चष्मा काढून अगदी नाक लावून बघितलं. वर्तमानपत्राचा फोटोवाला होता, त्याने फोटो काढले. मला कापडाशेजारी उभं केलं. मी आपला केसांत कंगवा खोवला.

एवढा आनंदाचा दिवस माझ्या पेड्रोच्या लग्नानंतर या अंगणात नव्हता बघितला. परत येणार म्हणालेत. काम द्यायचं मनात आहे म्हणे. आता दुकानातला इसिद्रो मला मास्तरीणबाई म्हणतो.

गुडघे कसे आहेत तुझे? तुझी म्हातारी मालकीण अजून रात्रंदिवस हाका मारते का? बसवाल्याबरोबर साबण पाठवलास तो मिळाला, वासाचा आहे, मी वापरत नाही, कपाटात ठेवलाय.

तुझी जाऊ,
बासीलिया


ब्वेनोस आइरेस
१३ मार्च १९९४

जाऊबाई,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि कुओ साहेबांच्या तेरेरेपाशी इतकी हसले की मालकीणबाईंनी आतून विचारलं, कोण मेलं? त्यांना हसणं आणि रडणं आता सारखंच ऐकू येतं.

रुफिना तशीच आहे हे वाचून बरं वाटलं. चौदा वर्षांत इथे माझ्या दारात न बोलावता कुणी आलेलं नाही.

मोठं कापड म्हणजे कुठलं? आपल्या घरात मोठं म्हणावं असं कापड एकच आहे, आणि ते माझं, तुमच्या पेटीत ठेवलेलं. ते दाखवलंत का? दाखवलं असेल तर चांगलंच केलंत, दोऱ्याला ऊन वारा लागला. तुमचे दीर अंथरुणाला खिळले होते ते अकरा महिने मी त्यांच्या उशाशी बसून केलेलं, ते कुणी नाक लावून बघावं याचा मला रागही येतो आणि आनंदही होतो. काय म्हणाले ते? मला नीट लिहा, तुम्ही कोंबडीचं सगळं लिहिता आणि हे राहतं.

आता माझं. मालकीणबाईंना जूनमध्ये त्यांचा मुलगा कॉर्दोबाला नेणार आहे. मला नेणार नाहीत, तिथे सून आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्या घरी जाऊन नवी माणसं उचलून बसवायची, माझ्या पाठीला आता झेपत नाही. घरी यावंसं फार वाटतं. इतके दिवस बोलले नाही, कारण येऊन करू काय? तुमच्या मुलांच्या ताटात जेवत बसणार नाही मी, हे तुम्हाला माहीत आहे.

पण जाऊबाई, ते लोक काम देणार असतील तर शिकवायला कुणीतरी लागेल. माझा हात चालतो अजून. दर रविवारी चौकट घेऊन गच्चीवर बसते. विंचवाच्या नांग्या डोळे मिटून घालीन. माझं नाव सांगा त्यांना. एवढं एक करा. आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलेलं आठवत नाही मला.

लिब्रादा


पोत्रेरो पोरा
६ एप्रिल १९९४

लिब्रादा,

पत्राला उशीर झाला, पण ईस्टरचा पवित्र आठवडा होता, आणि या वर्षी चिपा म्हणजे काय झाल्या सांगू. बुधवारी भट्टी पेटवली, पिठात चीज सासूबाईंच्या हिशेबाने घातलं, बडीशेप जरा जास्त पडली. नातवंडांनी चिपांचे बैल केले, सुसरी केल्या, धाकट्याने एक बोगादो साहेब केला, टायसकट. तो भाजताना तुटला. रुफिनाने चार नेल्या आणि म्हणाली, मीठ कमी आहे. मग चार का नेल्यास गं? तर म्हणे, खात्री करायला.

हल्ली ती माझ्याकडे नेहमीसारखी येत नाही. आली तरी बसत नाही.

तू पाहुण्यांचं विचारलं होतंस. हो, काम ठरतंय. तीन वर्षांचं. पत्र्याच्या छपराचं मोठं घर बांधणार, इथेच, वळणावर. चाळीस बायकांना रोजचं काम. त्यात एक मास्तरीण असणार, पगारी. पण ती त्यांनी आधीच ठरवली आहे असं बोगादो म्हणतो, नाव कागदावर गेलं. सरकारी कागद म्हणजे तुला माहीत आहे, एकदा लिहिलं की दगडावरची रेघ. नाहीतर मी तुझं सांगितलंच असतं.

आणि खरं सांगू का, इथे येऊन काय करणार तू? रस्ता परत खड्ड्यांचा झाला. पाऊस लागला की चिखल गुडघाभर. तिथे तुला दवाखाना जवळ, दुकानं जवळ. ब्वेनोस आइरेसला घरकामाला बाईमाणूस नको असं कधी झालंय का? चांगलं घर शोध, लहान मुलांचं, म्हातारी माणसं उचलायला नकोत.

तुझं कापड पेटीत आहे. कापूर घालून ठेवलाय. काळजी करू नकोस.

इसिद्रोच्या सुनेला जुळं झालं, दोन्ही मुली, दोघींना बापाचं नाक. पेड्रोने नवीन सायकल घेतली. सासूबाईंच्या थडग्याला चुना लावला. आणखी काय लिहू.

बासीलिया


ब्वेनोस आइरेस
२४ एप्रिल १९९४

बासीलियाबाई,

आमच्या वस्तीत एक पाराग्वेचा दुकानदार आहे. आपल्याकडचे सामान जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येते. काल मी कसाव्याचे पीठ घेतले. घरी येऊन पुडी सोडली.

कागद फेब्रुवारीचा आहे. फोटोत तुम्ही कंगवा खोवून उभ्या आहात. शेजारी माझे कापड आहे. फोटो धुरकट आहे, पण खालच्या कोपऱ्यातले ते एक वर्तुळ दिसते. नुसते आरे ताणलेले, आत फूल न भरलेले. त्या दिवशी दुपारी तुमचे दीर गेले आणि मी सुई खाली ठेवली. ते तसेच राहू द्यायचे मी ठरवले होते. तुम्ही तेव्हा त्यांच्या पायांशी बसला होतात.

फोटोखाली लिहिले आहे की पाहुण्यांना हे रिकामे वर्तुळ सर्वांत आवडले. हेही लिहिले आहे की गावची मास्तरीण श्रीमती बासीलिया यांनी सांगितले, इथल्या बायका प्रत्येक कापडात एक वर्तुळ येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामे ठेवतात.

मी हे तीन वेळा वाचले.

पुढे तुमचे वाक्य छापले आहे: “हे आमचे काम आहे.” पण वर्तमानपत्र स्पॅनिशमध्ये आहे, आणि स्पॅनिशला ‘आपले’ आणि ‘आमचे’ मिळून एकच शब्द येतो. त्यात मी आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. तुम्ही तर बोललात ग्वारानीत. मला एवढेच कळवा, तुम्ही ‘आपण’ म्हणालात की ‘आम्ही’?

दुसरे काही लिहू नका. चिपांचे तर मुळीच लिहू नका.

लिब्रादा


पोत्रेरो पोरा
१६ मे १९९४

लिब्रादा,

दोन आठवडे हा कागद पेटीवर पडून होता. ‘आपण’ लिहून पाठवणं सोपं होतं. अंगणात मी बोलले तो शब्द ऐकायला जवळ होती फक्त रुफिना, आणि बोगादो, ज्याला आता आठवतही नसेल. एक शब्द लिहिला असता आणि तू मानलंही असतंस. एकदा लिहिलाही. मग तो कागद चुलीत घातला.

‘आम्ही’ म्हणाले मी.

कसं झालं ते सांगते. तू नको म्हणालीस तरी सांगते, पण इकडचं तिकडचं घालणार नाही.

कुओ साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं. ते शू-फेनने बोगादोला विचारलं, बोगादोने मला. तेवढ्या वेळात चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मी ते कापड टांगलं तेव्हा मनात पाप नव्हतं, आईशपथ. घरातलं सगळ्यात सुंदर काय तर तेच, म्हणून टांगलं. तोंड उघडलं तेव्हाही मला वाटलं की मी ‘आपण’ म्हणणार. जीभ ‘आम्ही’कडे गेली. घसरली म्हणू नये, तिला ठाऊक होतं कुठे चाललीय. ‘आपण’ म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, दुसरी कोण? मग मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

बोगादोने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि झालं, पलीकडे गेलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी नेमकं कुणी, आणि मी काहीच बोलले नाही. मान हलवली का नाही तेही आता सांगता येत नाही. त्याने माझं नाव लिहिलं. मास्तरीण म्हणून ठरवलेली ती मीच. मागच्या पत्रात ते लपवलं.

मग त्यांनी त्या वर्तुळाचं विचारलं. तिथे तरी थांबायला हवं होतं मी. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे होता. तुझा हात चौकटीवर होता आणि त्याचे पाय माझ्या हातात गार होत चालले होते. आणि मी मोठ्याने म्हटलं, पाहुण्यासाठी ठेवतो जागा. कुठून सुचलं देव जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी पण. त्यांना वाटलं, बासीलिया काय छान बोलते.

का म्हणाले असं, तर ऐक. सासूबाई जत्रेला माल न्यायच्या तेव्हा तुझं काम वर ठेवायच्या आणि माझं खालच्या घडीत. माझी वर्तुळं दोन बोटं वाकडी यायची, त्या म्हणायच्या, हे चेंगरलं तरी चालेल. तुझ्यावर राग नव्हता माझा. तू तर माझे आरे ताणून द्यायचीस गुपचूप. पण त्या दिवशी साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं, हे तुम्ही केलंत? आणि मला ते आवडलं. दुकानात खुर्ची मिळते ती आवडली. बसमध्ये मास्तरीणबाई म्हणून जागा देतात ती आवडली. लाज या गोष्टीची सगळ्यात जास्त वाटते, की इतके दिवस लाजच वाटली नाही. तुझं पत्र आलं, माझं नाव सांगा म्हणून, तेव्हा पहिल्यांदा ती वाटली, आणि त्यावर मी तुला चिखलाचं लिहिलं.

कापड पेटीत नाही. कुओ साहेबांनी नमुना म्हणून मागितलं, तिकडच्या लोकांना दाखवायला. मी दिलं. परत आणून देणार आहेत. कापूर घातला हे खोटं होतं, घरात कापूर नाहीच.

रोज सकाळी दार लावून विंचू घालायला बसते. बोटं वळत नाहीत. दुपारी सगळं उसवते. ते आले आणि करून दाखवा म्हणाले तर काय करू, हे अजून कळत नाही. त्यांना काही सांगितलेलं नाही मी. सांगितलं आणि ते उठून गेले, तर चाळीस बायकांचं काम जाईल माझ्यापायी.

काल मातृदिन होता. मुलांनी केक आणला. मी तो नातवंडांना वाटून टाकला.

तुला जे वाटेल ते लिही. नाही लिहिलंस तरी समजेन.

बासीलिया


ब्वेनोस आइरेस
२९ मे १९९४

बासीलियाबाई,

मला सांगून काय उपयोग? मला ‘आम्ही’ हे माहीतच होतं. तुम्ही लिहाल की नाही एवढंच माहीत नव्हतं.

माझी समजूत घालू नका आणि मी तुम्हाला माफ केलं का ते विचारू नका. सासूबाईंचं मी विसरले नव्हते. तुमचं काम त्या खाली ठेवायच्या तेव्हा मलाही गप्प बसायला आवडायचं, हे मी आज लिहिते, कारण तुम्ही तुमचं लिहिलंत.

पण त्यांना सांगा. मंत्रालयात जाऊन कोपऱ्यात नव्हे. अंगणात, आंब्याखाली, चाळीसजणी बसल्या असताना, जिथे म्हणालात तिथेच. काम गेलं तर गेलं, ते तुम्ही आणि त्या मिळून बघा.

मालकीणबाईंना मुलगा अठराला नेतो आहे. ते लोक कधी येणार तो दिवस कळवा. मी येईन असं म्हणत नाही. दिवस कळवा.

लिब्रादा


पोत्रेरो पोरा
७ जून १९९४

लिब्रादा,

सांगितलं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं. गार वारा होता, शाली गुंडाळून आल्या, त्यांना वाटलं कामाची बातमी आहे. मी उभी राहिले. बसून सांगणार होते, पण बसवेना. कापड लिब्रादाचं आहे, एक टाकाही माझा नाही, आणि ते वर्तुळ पाहुण्यासाठी नाही, एवढं बोलले. मग इसिद्रोची सून जुळ्यांना घेऊन उठून गेली, मागोमाग तिघी. बाकीच्या बसून राहिल्या, ते जास्त कठीण होतं. रुफिना शेवटी म्हणाली, “साडेतीन महिने लावलेस. मी कुणाजवळ ब्र काढला नाही, माझं मलाच नवल वाटत होतं.” तिने नाही सांगितलं गं कुणाला. रुफिनाने. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना मला.

सोमवारी टेलिफोन ऑफिसात गेले. आधी बोगादो. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, बासीलियाबाई, मी तुमच्या शब्दावर सही घेतली होती. आता ते सही मागे घेतील की ठेवतील, ते मला सांगता येणार नाही.

मग शू-फेनच्या बापाच्या दुकानात फोन लावला. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये तिला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ कसं समजवायचं, मला घाम फुटला. म्हटलं, आमच्याकडे दोन शब्द आहेत, एकात समोरची बाई असते, दुसऱ्यात नसते, मी नसलेला म्हणाले. ती म्हणाली, “आजी, आमच्या घरच्या बोलीतही दोनच आहेत. माझी आजी रागावली की दुसरा वापरते. कुओ साहेबही घरी तीच बोली बोलतात.” तिकडून त्यांच्याकडे गेलं ते आता नीट गेलं असणार, मधे ओढा नव्हता.

आज टेलिफोन ऑफिसात तिचा उलट फोन आला. काम राहील का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की जिने केलं ती बाई कुठे आहे, आणि ते वर्तुळ मग कशासाठी होतं. मी म्हटलं, कुठे आहे ते सांगते, वर्तुळाचं मी सांगणार नाही. ती आली आणि तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल. मास्तरणीच्या जागी माझं नाव खोडायला सांगितलं. तुझं घाला असं म्हटलं नाही मी. ते तुला न विचारता म्हणायचा मला आता हक्क नाही.

ते येतील त्या दिवशी मी अंगणात असू की नको, तेही तूच ठरव. नको म्हणालीस तर इताउग्वाला बहिणीकडे जाऊन बसेन. तुझी खोली झाडून घेतली आहे. पलंग तोच आहे, गादी रुफिनाने दिली. सोमवारी, वीस तारखेला, सकाळची गाडी धरलीस तर मंगळवारी आपल्या फाट्यावर उतरशील. पेड्रोला सायकल घेऊन उभं करते, तू ये नाहीतर नको येऊस, तो उभा राहील.

कापड घेऊन कुओ साहेब येतो म्हणालेत बुधवारी, बावीस जूनला, सकाळी नऊ वाजता.

बासीलिया